चांगुनामावशीची पाटी

हे मी आजवर कोणाकडे बोललेलो नाही. बायकोकडे नाही, मुलांकडे नाही – आई तर काही न कळताच गेली. तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड सांगता येणार नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं एक बरं आहे. गावाचं नाव मी घेणार नाही. बेलापूरच्या खाडीवरचं एक कोळ्यांचं गाव, एवढं पुरे. उगाच कोणी तिकडे जाऊन चौकशी करायला नको. – पाहिलंत? इतकी वर्षं झाली, तरी माझी ही सवय जात नाही. अजूनही वाटतं, कोणीतरी विचारत येईल.

खाडीवरचा तो बगीचा तुम्ही पाहिला असेल. फरसबंदी वाट, सिमेंटचे बाक, लांब जेट्टी आणि तिला बांधलेल्या निळ्या-पांढऱ्या बोटी. रविवारी नेरूळहून माणसं येतात, मुलं बोटीत बसायचा हट्ट धरतात, म्हातारी जोडपी वारा खात बसतात. कोणीतरी हमखास म्हणतं, काय सुंदर केलंय हो! मी मान हलवतो. सुंदर आहेच, खोटं कशाला बोलू? तिथे पूर्वी आमचं खळं होतं, एवढंच मी सांगत नाही.

खळं म्हणजे काय, तर काठावरची सारवलेली मोकळी जागा. जवळा वाळवायचा तिथेच, जाळी पसरायची तिथेच, आणि फाटलेली जाळी विणत बायका गप्पा हाणायच्या त्याही तिथेच. कोणाची जागा कुठली, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. कागद मात्र कोणाकडेच नाही. आजोबांच्या आजोबांनी ज्या जागेवर जाळं टाकलं, ती आपली – झालं! असल्या जागेला सरकारदरबारी कोण विचारतो?

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं होती. नेरूळपर्यंत रेल्वे नुकतीच आली होती, न्हावा शेव्याकडे रात्रंदिवस ट्रक धावत होते. गावाची शेतं आधीच गेली होती, मिठागरंही गेली होती. त्यामुळे बूट घातलेला माणूस काठावर दिसला की गावाचे कान टवकारायचे. एकदा पक्ष्यांचे फोटो काढायला आलेल्या एका बिचाऱ्याला पोरांनी तासभर बसवून ठेवलं होतं. कॅमेरा पक्ष्यांकडे आहे की जमिनीकडे, हे त्यांना पटेना. शेवटी चहा पाजून सोडलं.

आणि मी? मी त्याच कचेरीत कारकून होतो, जिथे हा बगीचा आखला जात होता. जमिनी गेलेल्यांच्या मुलांना नोकऱ्या मिळाल्या, त्यातली माझी एक. गावात मला म्हणायचे 'सायबाचा मानूस'. कचेरीत म्हणायचे 'गाववाला'. मी आत आलो की टेबलावरची बोलणी थांबायची, आणि घरी आलो की ओट्यावरचीही थांबायची. दोन्हीकडे मी ऐकतोय असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगू? मी ऐकतच होतो.

मग खळ्यावर सिमेंटचे खांब रोवले गेले. साध्या चौकोनी खुणा, पण गावाची झोप उडाली. भूमिपूजनाचा दिवस ठरल्याचं कळलं, तेव्हा गावदेवीच्या देवळात बैठक बसली. तरुण पोरं म्हणाली, दगड मारू. म्हातारे म्हणाले, दगड मारलात की आयते सापडाल. मग चांगुनामावशीने तोड काढली.

चांगुनामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या शेजारची. नवरा दर्याने नेला, पदरात एक मुलगी. होडीत तिचा हिस्सा होता. वाट्याची मासळी पाटीत भरून ती नेरूळच्या वसाहतीत दारोदार विकायची. माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा रोज संध्याकाळी आमच्या चुलीपाशी ती वाटाभर मासळी ठेवून जायची. आईने पैसे पुढे केले तर रागवायची. त्या मासळीवर मी वाढलो, शिकलो, कारकून झालो. हे लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

ती म्हणाली, पूजेचा दिवस भांगातला हाय. भांग म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते दिवस. पाण्याला ओढ नाही, डोली – प्रवाहात रोवलेल्या खांबांना बांधायची जाळी – लागत नाहीत, होड्या घरी असतात आणि जाळी काठावर. तर त्या सकाळी अख्ख्या गावाने आपापली जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ्यावर पसरायची, आणि बायकांनी मधे विणत बसायचं. घोषणा नाही, शिवीगाळ नाही. जाळ्यावर चपलेने पाय देणं आमच्यात वाढलेल्या ताटावर पाय देण्यासारखं. मांडव घालायला आलेल्या माणसांना जाळी तुडवल्याशिवाय पाऊल टाकता आलं नसतं. आणि जाळं विणल्याबद्दल पोलीस कोणाला धरणार? सगळे हसले. खूप दिवसांनी गाव हसलं होतं. हे बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं, आणि ठरताना दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याचा मला राग आला – हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत आलो. माझ्यावर विश्वासच नाही ना? मग मी तरी का ठेवू?

पण ते खरं कारण नाही.

खरं कारण कचेरीच्या भिंतीवर होतं. तिथे त्या बगीच्याचं मोठं रंगीत चित्र लावलं होतं. निळं पाणी, शिडाच्या बोटी, दिव्यांचे खांब, बाकावर बसलेली एक बाई आणि हात धरून चाललेलं मूल. त्यात कुठे पाटी नव्हती, जवळा नव्हता, वास नव्हता. माझ्या डब्याचं झाकण उघडलं की शेजारचा खिडकी उघडायचा. माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे बघायला आले, तेव्हा तिच्या भावाने खळ्याजवळ येताच रुमाल काढला होता. मी त्या चित्राकडे रोज बघायचो. मला तो बगीचा हवा होता. गावापेक्षा जास्त हवा होता. आता आलं तोंडातून.

आमचे साहेब साताऱ्याकडचे, मनाने बरे. एका दुपारी चहा पिताना मी त्यांना म्हणालो, साहेब, पूजा भांगात नका ठेवू. उधाणाच्या दिवशी ठेवा. उधाणात पाण्याला ओढ असते, डोली लागतात, म्हणून सगळे गडी पाण्यावर असतात, बायका बाजारात. काठावर कोणी नसतं. त्यांना भांगही ठाऊक नव्हता आणि उधाणही. मी समजावून सांगितलं. जाळ्यांचंही सांगितलं. त्यांनी मला खोदून खोदून विचारलं होतं, असं मी मनाशी घोकत आलो. नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, की चहात साखर बरोबर आहे ना. बाकी सगळं मी आपण होऊन बोललो.

साहेबांनी गावाला न कळवता पूजा आधीच्या उधाणावर आणली. त्या सकाळी होड्या खाडीबाहेर गेल्या, बायका पाट्या घेऊन गेल्या, आणि दुपारी गाव परत आलं तेव्हा खळ्याभोवती तारेचं कुंपण होतं. नारळ फुटून गेला होता. सारवलेल्या जमिनीवर हळदीकुंकू सांडलं होतं आणि गेटपाशी पहारेकरी बसला होता. मी कचेरीतून आलो तेव्हा माणसं कुंपणापाशी नुसती उभी होती. कोणी ओरडत नव्हतं. मी पण त्यांच्यात जाऊन उभा राहिलो, आणि त्यांच्यासारखंच तोंड केलं.

मग सुरू झाला संशय. भांग आणि उधाण साहेबाला कोण सांगणार? घाटावरच्या माणसाला ही अक्कल आली कुठून? म्हणजे फुटलंय आपल्यातलंच कोणीतरी. कुंपणानेच शेत खाल्लंय. होडीतले गडी एकमेकांशी बोलेनात. भावाभावांत वाजलं. मी तर खाई त्याला खवखवे या न्यायाने सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो, की शोधलाच पाहिजे. आणि शोधता शोधता नाव निघालं चांगुनामावशीचं. साहेबांच्या वसाहतीत मासे कोण घालतं? बायकांशी स्वयंपाकघरात गप्पा कोण मारतं? बोलून गेली असेल. हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते मला आठवत नाही. – आठवतं. मी म्हणालो. 'बोलून गेली असेल बिचारी', असं म्हणालो. 'बिचारी' सुद्धा म्हणालो.

पंचांनी ठरवलं, ज्यांचा कचेरीच्या माणसांशी संबंध आहे त्यांनी देवीपुढच्या नारळावर हात ठेवून सांगायचं, मी बोललो नाही. आमच्यात याच्या पलीकडे तपास नसतो. नारळावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, कारण त्याच नारळाच्या भरवशावर माणसं दर्यात जातात. असे आम्ही तिघे निघालो. कुंपणाच्या कामावर मजुरीला लागलेला एकजण, मी, आणि माझ्या शेजारी मावशी. पहिल्याने घेतली शपथ. मग मी. मी हात पुढे केला, पंजा नारळावर धरला – आणि टेकवला नाही. शेंडीचे केस तळव्याला लागत होते, पण नारळ नाही. मधे सुतभर जागा ठेवली. देवीशी खोटं बोललो नाही, असं मला मागाहून म्हणता यावं म्हणून. किती हुशार ना मी? 'मी बोललो नाही,' असं खणखणीत आवाजात म्हणालो. पंच समोर होते, त्यांना वरून हात टेकलेलाच दिसला.

मावशी बाजूला होती.

तिची पाळी आली, तर ती हात पुढे करेना. पंच म्हणाले, घे गं शपथ आणि हो मोकळी. ती म्हणाली, "मी बोल्ले नाय. पन आता या नारलावर मी हात ठेवनार नाय." का, ते सांगेना. देऊळभर कुजबुज झाली. जिने शपथ नाकारली ती दोषी, हे सांगायला पंचांची गरजच नव्हती. तिला वाळीत टाकलं.

ती 'आता' का म्हणाली? हा शब्द एकट्या मलाच कळायला हवा होता, आणि मी तो कळून घेतला नाही.

तिच्या मुलीची हळद झाली त्या दिवसाचंही सांगायला हवं. आमच्यात हळद म्हणजे अख्खा गाव रात्रभर नाचतो. तिच्या मांडवात वाजंत्रीवाले आणि मुलाकडची माणसं, बस. माझी आई नवं लुगडं नेसून निघाली होती. मी दारात आडवा झालो. म्हणालो, "आय, नको जाव. लोक आपल्यालाच धरतील." आई म्हणाली, "तिच्या मासलीवर वाडलास ना रं तू?" आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. लुगडं तिने बदललंही नाही.

मावशी आता नाही. गावाने तिला पुन्हा कधी आत घेतलं, तेही नीट आठवत नाही. सगळे थकले आणि विसरले, इतकंच. मी नेरूळला फ्लॅट घेतला. तिने हे गावात सांगितलं असेल का, या धाकात मी वर्षानुवर्षं लोकांची तोंडं वाचत आलो. तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. आणि तिला तर सगळं माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला कसं कळलं, तेवढंच राहिलं सांगायचं.

भरलेली पाटी बाईला एकटीने डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसऱ्या कोणीतरी हात द्यावा लागतो. बंदरावर सगळ्याजणी एकमेकींना देतात. वाळीत टाकलेल्या बाईला कोण देणार? हळदीनंतरची सकाळ होती. बायका निघून गेल्या होत्या. मी बस पकडायला त्याच वाटेने चाललो होतो. मावशी भरल्या पाटीपाशी उभी होती. तिने मला पाहिलं. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली.

मी थांबलो. हात द्यायला क्षणभर पुरला असता. आणि मी काय केलं? आधी मागे पाहिलं. मग होड्यांकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. कोणी नव्हतं. शपथेवर सांगतो – नाही, शपथ नको. कोणीही नव्हतं. तरी मला वाटलं, कोणीतरी बघत असेल. मी घड्याळ बघितल्यासारखं केलं.

तेव्हा ती म्हणाली, अगदी हळू, वडील आजारी असताना बोलायची तशा आवाजात, "जा रं बाला. तुजा हात नारलाला नाय लागला, तो माज्या पाटीला काय लागनार?"

मग ती खाली बसली. अर्धी मासळी तिने परत होडीत ओतली, आणि उरलेली पाटी गुडघ्यावर, मग खांद्यावर घेत, एकटीने डोक्यावर चढवली. मी ते सगळं बघितलं, आणि बस पकडली.