बरणीत मुरलेली कॉफी

आमच्या लातूरच्या घरात दारू शिरली ती माझ्या माहेरच्या बाजूने. माझा थोरला भाऊ गोव्याच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. एका दिवाळीला तो माहेरी, नांदेडला आला, भाऊबीजेला मीही गेले, तर ओवाळणीत साडीऐवजी एक काळपट बाटली. "कॉफीची दारू आहे," तो म्हणाला, "आइस्क्रीमवर दोन चमचे घालून बघ, साडी विसरशील." मी भडकलेच. भाऊबीजेला सख्ख्या बहिणीला कुणी दारू देतं का? मग आईची पाठ वळल्यावर व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे घालून पाहिले. आधी गोड, मग कडू, मग घशाशी एक ऊब. साडी खरंच विसरले.

बाटली घेऊन मी सासरी आले. आता सासर कसं, ते सांगायला हवं. नवरा एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. ते दिवस असे होते की बारावीचं वर्ष आलं की जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं गादी, बादली नि टेबललॅम्प घेऊन लातुरात उतरायची, आणि ज्याच्या घरी एक जादा खोली तो घरमालक. आमच्याकडेही होती. भूकंपानंतर कुणाची पक्क्या छताखाली झोपायची छाती होत नव्हती, तेव्हा अंगणात पत्र्याची खोली ठोकली होती. भीती ओसरली, आम्ही घरात परतलो, आणि त्या खोलीत हदगावकडच्या दोन मुली येऊन राहिल्या. भूकंपाची खोली म्हणूनच सगळे तिला ओळखायचे. "भूकंपात लाइट गेली का बघ," असं आम्ही सहज बोलायचो.

घरात खरं राज्य सासूबाईंचं. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. मूळच्या अहमदपूरजवळच्या खेड्यातल्या. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. आत्याबाईंचा सोमवार, आत्याबाईंची एकादशी, आत्याबाईंचं वेगळं पाण्याचं भांडं. पण जिभेला गोडाची अशी ओढ, की श्रीखंडाचं पातेलं निपटताना त्यांना हाक मारली तरी ऐकू जायची नाही.

शेजारी खाला राहायच्या. त्यांच्या घरी शिलाईचं काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं, चाचा कापायचे नि खाला शिवायच्या. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते तेव्हा भूकंप झाला. पहाटे सगळी गल्ली रस्त्यावर आली. मी होते तशी, अनवाणी, पदराचं भान नसलेली, थरथरत उभी. खालांनी अंगावरची चादर काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि उजाडेपर्यंत माझा हात सोडला नाही. नव्या गावात मला पहिलं माणूस मिळालं ते असं. त्यानंतर आमच्या दोन घरांत डबे सुरू झाले. त्यांच्याकडून ईदेला शीरखुर्मा, आमच्याकडून दिवाळीला करंज्या, मधल्या काळात लोणचं, धपाटे, काहीही.

भावाने फोनवर एक पुडिंग सांगितलं होतं. त्यात अंडी होती आणि एक परदेशी चीज होतं. अंडी आमच्या घरात चालत नव्हती आणि चीज लातुरात मिळत नव्हतं. मी माझं डोकं चालवलं. दही रात्रभर फडक्यात टांगलं, चक्का केला, त्यात पिठीसाखर आणि घोटलेली साय. मारीची बिस्किटं कॉफीच्या दारूत नुसती बुडवून काढायची, भिजत ठेवायची नाहीत, नाहीतर लगदा होतो. एक थर बिस्किटांचा, एक चक्क्याचा, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चक्का. वरून कोको भुरभुरायचा आणि फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी सुरी फिरवली की वड्या पडतात.

आत्याबाईंनी एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला विचारलं, "ह्यात काय घातलंय गं? लई झ्याक लागून राहिलंय."

"कॉफीचा अर्क," मी म्हणाले. खोटं काही नव्हतं. अर्धं होतं.

माझा स्वभाव मला माहीत आहे. जे सांगितल्याने भांडण होईल ते मी उद्यावर ढकलते, आणि उद्या कधी येत नाही. शिवाय खरं सांगू? त्या एवढ्या चवीने खात होत्या की सांगवेना.

महिन्यात बाटली संपली. भाऊ फोनवर हसला नि म्हणाला, अगं, घरीच कर की. चांगली कॉफी पावडर, साखरेचा पाक, व्हॅनिला आणि रम, बरणीत भरून तीन आठवडे मुरू दे, रोज एकदा हलव. सगळं सोपं, रम सोडून. लातुरात माझ्या नवऱ्याला दारूच्या दुकानात पाऊल टाकायची सोय नव्हती. दर दुसऱ्या माणसाचं लेकरू त्याच्या क्लासला. दुकानदाराचंही होतं. म्हणून मी माहेरी गेले की तो मला आणायला नांदेडला यायचा, तिथून रम घ्यायचा, आणि ती टॉवेलात गुंडाळून एसटीने लातूरला यायची. एकदा अहमदपूरच्या स्टँडवर एक पालक नेमके आमच्याच गाडीत चढले. "सर, तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन?" म्हणत त्यांनी ती हिसकावलीच आणि लातूरपर्यंत स्वतःच्या मांडीवर सांभाळली. "जड हाय," म्हणाले. "पुस्तकं," नवरा म्हणाला. पुढचा तासभर त्या गृहस्थांनी मुलाच्या ऑप्टिक्सची चौकशी केली, आणि माझ्या नवऱ्याला डिसेंबरात घाम फुटला.

लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी मी धुऊन वाळवून घेतली. कॉफी, पाक, रम भरून, घट्ट झाकण लावून, वरून फडकं बांधून कपाटात ठेवली. आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, काय घातलंस? अर्कच, म्हणाले, मुरायला ठेवलाय. मुरण्याचं म्हणाल तर त्यांच्या हातचं लोणचं अख्ख्या गल्लीत नावाजलेलं. त्यांनी बरणी ताब्यातच घेतली. "तुझ्यानं व्हायचं न्हाई. रोज हलवावं लागतं, एका टायमाला." रोज आंघोळ झाली, देवाला दिवा लावला, की आत्याबाई कपाटाशी जाऊन बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून हलवायच्या. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी. कधी हसू यायचं, कधी छातीत धस्स व्हायचं.

रविवारी दुपारी आत्याबाई कीर्तनाला गेल्या की आम्ही नवरा-बायको गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचो. बर्फ, रमसोबतच टॉवेलातून आलेली व्होडका दोन भाग, एक भाग आमची बरणीतली कॉफी, आणि वरून चमच्याच्या पाठीवरून हळू सोडलेली पातळ साय. हात हलला नाही तर साय वरच तरंगते, खाली काळं, वर पांढरं. नवरा लगेच घनतेवर बोलू लागायचा. मी म्हणायचे, क्लास सुटलाय, प्या. व्होडका नसली की नुसत्या थंडगार दुधात दोन चमचे, वर किसलेलं जायफळ. खरं तर मला तेच जास्त आवडायचं. चांगलं करून खाण्याची, पिण्याची ही चैन आम्हाला त्या बरणीने लावली, आणि त्या दुपारी मी फार सुखात होते.

एकादशीला मात्र पंचाईत झाली. कॉफी उपासाला चालते, मग तो अर्क दुधात घालून दे, आत्याबाई म्हणाल्या. एवढं पाप माझ्याने होईना. मी साधी कॉफी करून दिली. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "अर्क उतरला वाटतं. बरणी नीट हलवायला पायजे."

त्यानंतर ईद आली. सकाळीच खालांचा शीरखुर्म्याचा डबा आला, आम्ही सगळ्यांनी खाल्ला, भूकंपातल्या मुलींनी दोनदा खाल्ला. दुपारी मी गंजगोलाईच्या बाजारात भाजीला गेले. परत येऊन फ्रीज उघडला तर पुडिंगच्या ताटातला अर्धा भाग गायब.

"आत्याबाई, पुडिंग कुठं गेलं?"

"खालाच्या डब्यात दिलं की. सणाच्या दिवशी रिकामा डबा कसा द्यावा माणसानं? आत्ताच देऊन आले. पाव्हणे बसलेत त्यांच्याकडं, म्हणलं सगळ्यांनी खावं."

मी पिशवी हातातच धरून उभी राहिले. पहिला विचार कोणता आला ते लपवत नाही. गप्प बसावं, असं वाटलं. कॉफीची चव जोरकस असते, कुणाला कळणार? खाल्लं असेल तर खाल्लं. बोलले तर दोन घरं एकदम अंगावर येणार होती. आत्याबाईंना कळणार होतं, आणि खाला पुन्हा आमचा डबा घेतील की नाही कोण जाणे. मग भूकंपाची ती पहाट आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली. पिशवी टाकली नि तशीच पळाले.

खालांच्या पुढच्या खोलीत जेवायचं दस्तरखान पसरलं होतं. चाचा, दोन पाहुण्या बायका, मध्ये आमचं पुडिंग. खालांच्या हातात चमचा.

"खाला, खाऊ नका. त्यात दारू आहे."

खालांनी चमच्याकडे पाहिलं, खाली ठेवला, उठून मोरीत गेल्या. चूळ भरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. चाचांनी डब्याला झाकण लावून तो बाजूला सारला. पाहुण्या बायका जमिनीकडे बघत होत्या. खाला पदराने तोंड पुसत आल्या.

"एक चमचा खाल्ला मी. बाकी कुणी न्हाई. तुला मालूम होतं?"

"मीच घातली. पाठवलं मी नाही, पण घातली मीच. आत्याबाईंना काही माहीत नाही."

"काय म्हाईत न्हाई मला?"

दारात आत्याबाई. मी अनवाणी पळाले म्हणून माझ्या चपला हातात घेऊन मागून आलेल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी सांगितलं.

"म्हंजे ती बरणी? मी रोज हलवून राहिले ती?"

"हो."

"दिवा लावून?"

"हो."

आत्याबाई चपलांसकट मटकन खाली बसल्या. बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं, बहुतेक वड्या. मग म्हणाल्या, "तरीच. तरीच ह्या हिवाळ्यात माझे गुडघे दुखले न्हाईत."

चाचांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. पाहुण्या बायकांनी ओढणी तोंडाला लावली. खालांनाही हसू आवरेना. "आक्का, तुमी तर पक्क्या निघाल्या." माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते हसण्याचं की सुटकेचं, मलाच कळत नव्हतं.

पण हसणं ओसरल्यावर खालांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मला मालूम नव्हतं, म्हणून मला गुनाह न्हाई. तू पळत आलीस, ते चांगलं केलंस. पण पोरी, इथून पुढं तुझ्या घरचं मी इचारून खायचं का?"

आत्याबाईंना राहवलं नाही. सुनेला त्या घरात हवं तेवढं बोलत, बाहेर कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "असं काय म्हणतीस? आमी कुठं इचारतो तुमच्या डब्यात काय हाय ते?"

खालांनी आत्याबाईंचा हात धरून त्यांना उठवलं आणि आत स्वयंपाकघरात नेलं. मी मागोमाग गेले. सगळ्यात वरच्या फळीवर, बाकीच्या भांड्यांपासून लांब, पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक पातेलं होतं. खालांनी ते काढून फडकं सोडलं. आत एक डाव आणि एक झारा.

"तुमचा शीरखुर्मा ह्यात होतो. आधी तुमचा, मग आमचा. ह्यात कधी गोश्त शिजलं न्हाई. डावबी ह्याचा ह्यालाच."

"कवापासून?" आत्याबाईंनी विचारलं.

"पहिल्या ईदपासून."

"कधी बोललीस न्हाई ते."

"त्यात काय बोलायचं?"

आत्याबाईंनी पातेल्याच्या काठावरून हात फिरवला. इतकी वर्षं त्यांनी त्या घरचं बिनघोर खाल्लं होतं, आणि ते बिनघोर का, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. मलाही नाही. पळत आले म्हणून मघाशी मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली होती, ती शाबासकी आता फार हलकी वाटली. मी तिथंच फरशीवर बसून रडले.

"खाला," मी म्हणाले, "तुम्ही विचारूनच खात जा."

"न्हाई इचारणार," त्या म्हणाल्या. "तू सांगत जा."

त्यानंतर जितकी वर्षं आम्ही त्या गल्लीत होतो, तितकी वर्षं मी डबा घेऊन गेले की उंबऱ्यातूनच आत काय काय आहे ते मोठ्याने म्हणायचे, तेल कुठलं, पाणी किती, मीठसाखरेसकट. आणि आतून चाचा ओरडायचे, बस कर गं बाई, निवून चाललं, खाऊ दे आता.