आईचे पतंगाचे कागद

घरात एक भित्रं माणूस असलं की किश्शांना तोटा नसतो. आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली तेव्हा जो उठला त्याच्याकडे तिचा एक किस्सा होता, आणि प्रत्येक किश्शात आई घाबरलेली! लोक हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र माझं लक्ष पहिल्यांदा भिंतीकडे गेलं.

आम्ही नारपोलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर पावरलूम. लूम चालू असले की फरशीची थरथर तळपायाला कळते. आई अंबाडी गावाकडची. लग्न होऊन इथे आली आणि सगळी उमर याच तळमजल्यावर सुताच्या कांड्या भरल्या. तिला सापाची भीती नव्हती, मुकादमाची नव्हती. भीती एकच, आपली बिल्डिंग पडेल.

*

आई उशाशी काठोकाठ भरलेला पेला ठेवायची. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा माझ्या बायकोने, वैशालीने, ते पाणी पिऊन टाकलं. आई किंचाळलीच! "अगं, ते प्यायचं न्हाय, बघायचं हाय!"

मग तिने सुनेला शिकवलं. "लूम चालू हायेत तवर पाणी हालणारच. शुक्रवारी लूम बंद. तवा हाललं, तं पळायचं."

तेव्हापासून शुक्रवारी बायको माझ्याकडे कमी आणि पेल्याकडे जास्त बघते!

*

हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यापासून एक तिरकी चीर निघालीय. आई कणकेची खळ करून त्या चिरेवर पतंगाच्या कागदाच्या आडव्या पट्ट्या चिकटवायची. पतंगाचाच का, तर तो लगेच फाटतो. चीर हलली की कागद बोलणार.

माझ्या बहिणीला, कल्पनाला, बघायला पाहुणे आले. मुलाच्या मामाने त्या लाल-हिरव्या पट्ट्या बघून विचारलं, "काय, डेकोरेशन का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईने खरं ते सांगून टाकलं. मामाने खुर्ची भिंतीपासून लांब सरकवली!

मुलगा मात्र उठला, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मावशी, ही बाहेरून पण दिसते का?"

पाहुणे जिना उतरायच्या आत आईने निकाल दिला. "पोरगा भिंत बघतो. ह्यालाच द्यायची!" भावोजी अजूनही आले की चहाच्या आधी भिंत बघतात.

*

मालकाकडे तक्रार केली तर त्याने पेंटर पाठवला. पेंटरने चीर पुट्टीने बुजवली, वर गुलाबी रंग मारला. मालक खूश. "लो अम्मा, अब तो नयी हो गयी!"

आई म्हणाली, "शेठ, बुखारवाले को नया कुर्ता पहनाया तो बुखार उतरता है क्या?"

पुढच्या पावसाळ्याआधी चीर गुलाबी रंगातून वर आली. आई लगेच खळ शिजवायला बसली.

*

आता गाजलेला किस्सा. एका शुक्रवारी दुपारी आईला कागद फाटलेला दिसला. तिने स्टीलचं ताट घेतलं, पळी घेतली आणि ताट बडवत दारोदार फिरली. "निकलो, निकलो!" चार मजल्यांची माणसं खाली उन्हात. समोरच्या शकीलाबी तर तव्यावरची रोटी तशीच टाकून आल्या.

तासभर उभे राहिलो. काहीच झालं नाही. शेवटी माझी सानिका, तेव्हा सहा वर्षांची, रडत रडत म्हणाली, "आजी, मी फाडला. मला बाहुलीला पतंग करायचा होता."

अख्खी बिल्डिंग हसली! शकीलाबी कडाडल्या, "अम्मा, मेरी रोटी कोयला हो गयी!"

आई हसली नाही. "रोटी जल गयी ना? तू तो है ना!"

त्यानंतर कितीतरी दिवस जिन्यात पोरं मला बघून ताट बडवल्यासारखं करायची. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.

*

मी काल्हेरला गोदामात सुपरवायझर आहे. तिथेच जवळ नवीन बिल्डिंगीत घर बुक केलं आणि आईला दाखवायला नेलं. तिने भिंतीला कान लावला, बराच वेळ. म्हणाली, "ही अजून बोलत न्हाय. मुक्या माणसाचा भरोसा न्हाय."

त्या घराचा ताबा अजून मिळालेला नाही. आई थांबली नाही. न्यूमोनियाने गेली. शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये मला जवळ बोलावून तिने एवढंच विचारलं, "पेला भरतोस ना?"

मी हो म्हटलं. ते खोटं होतं. त्या दिवसापासून मात्र रोज भरतो.

*

आणि हा परवाच्या शुक्रवारचा. लूम बंद. आम्ही जेवायला बसलो होतो. सानिका आता दहावीत आहे. तिने भिंतीकडे बघितलं आणि घास हातातच राहिला. "पप्पा, कागद कोणी फाडला?"

कोणीच नाही. बुधवारी मीच नवा लावला होता. वैशालीने पेल्याकडे बघितलं, मग मी बघितलं. पाणी थरथरत होतं.

बायको आणि मुलीला खाली पाठवलं, ताट आणि पळी घेऊन बाहेर आलो, पण बडवायला हात उठेना. परत अख्खी बिल्डिंग हसली तर? तसाच ताट धरून शकीलाबींच्या दारात उभा राहिलो. बेल दाबली.

त्यांनी दार उघडलं. हाताला पीठ, मागे तव्यावर रोटी. माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं. मला तोंड उघडायचीसुद्धा वेळ आली नाही. त्या आत वळून ओरडल्या, "गैस बंद करो, रोटी रहने दो, सब नीचे चलो!"

मग माझ्या हातातलं ताट त्यांनी ओढून घेतलं आणि वरच्या मजल्याकडे बडवत निघाल्या. "निकलो, निकलो! अम्मा की थाली है!"