भोक नसलेलं पंक्चर

त्या रविवारी मी रस्ता पाहिलाच नाही, नवऱ्याची पाठ पाहिली. लखनौच्या सरोजिनी नगरमधून निघाल्यापासून ती निळ्या टी-शर्टातली पाठ माझ्या पुढे चालली होती आणि ती जरा वाकली की माझी बोटं ब्रेकवर आवळायची. तो वाकायचा गिअर बदलायला, नाहीतर बाहीला नाक पुसायला. मला हे कळत होतं, तरी बोटं आवळायची ती आवळायचीच.

पावसाळ्यात त्याच्या हृदयात स्टेंट बसवला होता. त्यानंतरची ही पहिली लांबची राइड, घरापासून मलिहाबादपर्यंत आणि परत. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण हळूहळू वाढवा. त्यातलं 'चालवा' नवऱ्याने ऐकलं आणि 'हळूहळू' माझ्या वाट्याला आलं. निघताना लेक दारात उभी राहून माझ्या कानात पुटपुटली, "मम्मा, पापा को रोको ना." आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, हे आता आमच्या घरात कुणाला खटकतही नाही. मी तिला म्हटलं, तूच सांग की. ती आत निघून गेली. त्याला आजारी समजलेलं मुळीच खपत नाही. ऑफिसात एकाने काळजीपोटी त्याची बॅग उचलली, तर हा त्या बिचाऱ्याशी कितीतरी दिवस धड बोलला नव्हता.

आम्ही पाच जण होतो, सगळे नोकरीपायी लखनौला येऊन पडलेले. नवरा आणि मी साताऱ्याचे. बँकेतले भाऊजी सोलापूरचे, बोलके आणि अंगाने भरलेले. रेल्वेतले दादा अमरावतीचे, कमी बोलणारे. आणि एका खासगी कंपनीत काम करणारी नागपूरची मुलगी, जी आम्हाला काका-काकू म्हणते आणि आमच्या सगळ्यांपेक्षा दुप्पट वेगाने जाऊ शकते. आदल्या दिवशी भाऊजींचा मला फोन आला होता. म्हणाले, वहिनी, त्याला थांब म्हटलं तर तो थांबणार नाही, उलट जोरात जाईल. तेव्हा आपणच पाळीपाळीने दमायचं. एक जण थांबला की सगळे थांबतील, त्यात त्यालाही आपोआप विश्रांती मिळेल. मला हे इतकं पटलं की मी त्यांना दोनदा धन्यवाद दिले.

शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना शेतं लागली. फेब्रुवारी सरत आला होता. गहू गुडघ्याच्या वर आला होता, मोहरीची फुलं झडून शेंगा भरत होत्या, मधूनच बटाटे काढून झालेली उघडी जमीन. इकडचा प्रदेश सपाट म्हणतात, पण सायकलवर बसलं की त्याचे उंचवटे मांड्यांना बरोबर कळतात. कालव्याच्या भरावावर चढणारा रस्ता तर आम्ही चेष्टेने 'घाट' म्हणायचो. साताऱ्याच्या माणसाने त्याला घाट म्हणायचं म्हणजे कमालच, पण परमुलखात आहे त्यात भागवावं लागतं. एरवी त्या घाटावर मी हसते. त्या दिवशी मला तो खरंच डोंगर वाटला.

घाटाच्या अलीकडे नागपूरच्या मुलीने ठरल्याप्रमाणे ब्रेक दाबला आणि पोटरीत गोळा आल्याचं सांगितलं. आम्ही थांबलो. नवऱ्याने तिला पाय ताणायचे कसे ते दाखवलं आणि मजेत चढ चढून गेला. वर पोचल्यावर तो बेसूर गाऊ लागला. त्याच्या गाण्याने मला बरं वाटायला हवं होतं, पण मी सुरांमधला त्याचा श्वास ऐकत होते. पुढच्या गावात दादांनी चहाची इच्छा व्यक्त केली. दादांनी कित्येक वर्षांपूर्वी चहा सोडलाय आणि हे सगळ्या लखनौला ठाऊक आहे. त्यांनी मातीचा कुल्हड हातात धरला आणि ते चहा नुसता गार करत बसले. नवऱ्याने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी घाईघाईने खस्ता कचोरीचा विषय काढला, तोही चुकलाच, कारण ती त्याला बंद होती.

नंतर माझी पाळी होती. मी दम लागल्याचं सोंग करणार होते, पण खरं सांगायचं तर काळजीनेच माझा दम इतका वर आला होता की सोंगाची गरज पडली नाही. आम्ही पुन्हा थांबलो. आता तो पायाने माती उकरत होता. निघूया ना, निघूया ना, असं त्याचं चाललं होतं, आणि त्याची ती घाई पाहून मला वाटत होतं, आज काहीतरी होणार.

मलिहाबादच्या बागा दिसायला लागल्या तेव्हा भाऊजींची पाळी आली. गुडघेदुखी वगैरे भाऊजींना साधी वाटली असावी. आम्ही पाणी प्यायला उतरलो असताना त्यांनी सगळ्यांकडे पाठ करून आपल्या मागच्या चाकातली हवा सोडली आणि मोठ्याने जाहीर केलं, पंक्चर. हुशारीच्या भरात ते एवढंच विसरले की आमच्या गटात पंक्चर काढण्याचं काम नवऱ्याचं असतं. तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नाही आणि त्याला ते घाईत उरकताही येत नाही.

शेजारच्या शेतात ट्यूबवेल चालू होती. नवऱ्याने चाक काढलं, टायर उचकटला, ट्यूब ओढून बाहेर काढली, पंपाने तिच्यात हवा भरली आणि हौदाच्या पाण्यात बुडवली. मग बोटाबोटाने पुढे सरकवत बुडबुडे शोधू लागला. बुडबुडे आले नाहीत. त्याने ट्यूब उलटी करून पुन्हा फिरवली. व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली. भाऊजी तोवर भलतंच काहीतरी बोलत होते, आंब्याचा मोहोर यंदा चांगला आहे, औषध फवारलंय वाटतं, वास येतोय. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. नवरा ओल्या हातांनी उकिडवा बसून राहिला. त्याला बुडबुड्यांऐवजी पोटरीतला गोळा, गार झालेला चहा आणि माझा दम सापडला होता.

त्याने ट्यूब पुसली, चाक नीट बसवलं, हवा भरली. एकही काम अर्धवट ठेवलं नाही. मग माझ्याकडे पाहून शांतपणे विचारलं, "किती जणांना माहीत होतं?"

मी म्हटलं, "सगळ्यांना."

तो सायकलवर बसला आणि निघून गेला. जोरात, उभा राहून पॅडल मारत. आम्ही काही सेकंद नुसते पाहत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की त्याचा फोन माझ्या पाऊचमध्ये आहे आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळीही त्यातच आहे.

मी किती वेगाने गेले ते मला सांगता येणार नाही. बागांमधला रस्ता अरुंद होता, दोन्हीकडून फांद्या वाकलेल्या, मोहोर आणि औषध यांचा मिळून डोकं उठवणारा वास. दर वळणावर मला वाटायचं, आता तो पडलेला दिसेल. मनात त्याला शिव्या देत होते, भाऊजींना देत होते, डॉक्टरांना देत होते. रस्ता फुटला तिथे मी कुठे वळायचं ते ठरवू शकले नाही आणि सरळ दिसेल तिकडे गेले. त्याच्यावर इतका राग आणि त्याच्यासाठी इतकी भीती मला एकाच वेळी कधी वाटली नव्हती.

तो एका छोट्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. सायकल आडवी पडली होती. मी उतरले आणि माझी सायकलही पडू दिली. दुखतंय का, विचारलं. त्याने मान हलवली, नाही. मी गोळी काढली, तर त्याने माझा हात धरून खाली केला. चेहरा घामाने भिजला होता, पण रंग ठीक होता. मी गोळी परत पाऊचमध्ये ठेवली.

मग तो म्हणाला, "मागे वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. पाय उचलेनात."

मी म्हटलं, तूच तर पळालास. तो म्हणाला, हो. मग खाली बघत त्याने सांगितलं की हिवाळाभर तो पहाटे कॉलनीच्या पार्कात चालायला जायचा तेव्हा चालायचा नाही. गेटजवळच्या बाकावर चौकीदाराच्या समोर बसून राहायचा आणि वेळ झाली की घरी यायचा. एकटं चालताना मधेच काही झालं तर, हा विचार त्याला पहिल्या फेरीतच गाठायचा. रोज. घरी येऊन तो मला किती फेऱ्या झाल्या ते सांगायचा आणि मी लेकीला सांगायचे, बघ, बाबा किती चालले.

आम्ही चौघे त्याच्यापासून लपवत होतो, आणि हा एकटा आम्हा सगळ्यांपासून. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही, त्याच्या शेजारी कठड्यावर बसले. मोरीखालून थोडं पाणी वाहत होतं.

बाकीचे तिघे आले. भाऊजींचा चेहरा पाहवत नव्हता. सायकलवरून उतरता उतरताच त्यांनी सवयीने सुरुवात केली की त्यांचा गुडघा आज सकाळपासून जरा...

"तुझा गुडघा राहू दे," नवरा म्हणाला. "मी दमलोय. थोडं बसूया."

दवाखान्यातून घरी आल्यापासून 'दमलोय' हा शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता. दादांनी पाण्याची बाटली पुढे केली, मुलीने सगळ्यांच्या सायकली बाजूला झाडाला टेकवून ठेवल्या आणि आम्ही त्या मोरीवर रांगेने बसलो. कुणालाही पुढे जायची घाई नव्हती. मला मात्र रडू आवरत नव्हतं, आणि तो मला सारखं विचारत होता, तुला काय झालं, तुला काय झालं.