पेन खाली ठेवा

लातुरात आमच्या क्लासमध्ये अमरनाथ सर फिजिक्स शिकवतात आणि मी केमिस्ट्री. सकाळी सातपासून एकच धडा चार बॅचना चार वेळा सांगायचा, हे दोघांचंही काम. चौथ्या वेळी तोंड आपोआप चालतं आणि डोकं घरच्या गॅस सिलिंडरचा विचार करतं. अशी वर्षं गेली की माणूस फळ्यासमोर उभा असतो, पण तो तिथे आहे की नाही हे त्यालाही सांगता येत नाही.

सर मूळचे उदगीरचे. वडील माणिकप्पांचं तिथे किराणा दुकान आहे. यंदा शेजारचा गाळा रिकामा झाला आणि दुकान वाढवायची सोय झाली, तेव्हापासून माणिकप्पा फोनवर एकच विचारत, "दसऱ्याला येऊन राहिलास का न्हाई?" सर जवळजवळ तयारच होते. मला म्हणाले, "सर, फिजिक्स लई आवडायचं म्हणून या धंद्यात आलो. आता काय आवडायचं तेच आठवत न्हाई. तूरडाळ तोलली तर गिऱ्हाईक निदान तोंडाकडं बघून बोलंल तरी."

त्याच आठवड्यात तो घोळ झाला. दुसऱ्या बॅचला सरांनी आदल्या दिवशीचाच तास पुन्हा घेतला. तीच आकृती, तीच गणितं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोनशे पोरांनी माना खाली घालून सगळं पुन्हा लिहून घेतलं. शेवटी सरांनी घरचा अभ्यास सांगितला, तेव्हा पुढच्या बाकावरची शिवकन्या म्हणाली, "सर, हा कालच केला की."

सर चपापले. "मग इतका वेळ बोललात का न्हाई?"

ती इस्लापूरकडची पोर घाबरत म्हणाली, "वाटलं, महत्त्वाचं असंल, म्हणून परत सांगून राहिलात."

स्टाफरूममध्ये सरांनी हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. "अख्ख्या खोलीत एकही माणूस जागा नव्हता हो. मीसुद्धा," एवढं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच संचालकांकडे गेले, नोकरी सोडतो म्हणून सांगायला.

आमचे संचालक अमृतराव म्हणजे अजब माणूस. सरांना तोंड उघडू देण्याआधीच त्यांनी पाठ थोपटली. सर धडे दोन-दोनदा घेतात, हे पोरांनी घरी सांगितलं होतं आणि खूश झालेल्या पालकांचे फोन येत होते. चार दिवसांत चौकात बॅनर लागला, 'प्रत्येक धडा दोनदा!' नोकरी सोडायला गेलेला माणूस दुप्पट काम घेऊन बाहेर आला. आमच्या धंद्यात चूकसुद्धा वाया जाऊ देत नाहीत.

पुन्हा घ्यायचा पहिला तास आला. सर पार बेजार झाले होते. तेच पुन्हा बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "पेन खाली ठेवा. लिहिलंय ना सगळं? काही विचारायचं असंल तर विचारा." पोरं भांबावली. कुणी कुणी तर बाकाखाली पेन मुठीत धरून बसले. शेवटी शिवकन्या उठली.

"सर, चालती सायकल पडत न्हाई अन् थांबली की पडते. आसं का?"

सरांनी तयार उत्तर सुरू केलं. चाक फिरतं, फिरणाऱ्या वस्तूचा असा असा गुण असतो वगैरे. मध्येच मागून कुणी म्हणालं, "पण सर, लई हळू चालवली तरी पडत न्हाई की." सर थांबले. फळ्याकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि म्हणाले, "मला नीट ठाऊक न्हाई. बघून सांगतो."

आमच्या क्लासमध्ये असं वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "पोरांचे चेहरे आज दिसले हो. इतकी वर्षं नुसते भांग बघून राहिलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लासमागच्या मैदानात बघतो तर काय, चाळिशी उलटलेले अमरनाथ सर वॉचमनची सायकल हँडल सोडून चालवतायत! मी हाक मारायला आणि ते आडवे व्हायला एकच गाठ पडली. कोपर सोलवटलं. मी धावत जाऊन सायकल उचलली, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. माणिकप्पाच होते.

"अप्पा, दसऱ्याला न्हाई जमायचं," सर मातीतच बसून म्हणाले. "न्हाई, पगार न्हाई वाढला. एका पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय." पलीकडून माणिकप्पा बराच वेळ बोलले. सर म्हणाले, "हाव अप्पा. एवढ्यासाठीच."

मला त्या माणसाचा हेवा वाटला. थकलेला तो तेवढाच होता, पुढे चार बॅचही तशाच होत्या, पण उठून पँट झटकताना तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता, चाकाबद्दल.

सात वाजले. ते त्यांच्या वर्गावर गेले, मी माझ्या. समोर दोनशे माना खाली होत्या. आपणही पेन खाली ठेवायला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. पण पोरांनी खरंच पेनं ठेवली आणि कुणी काहीच विचारलं नाही तर? मी फळ्याकडे वळलो आणि म्हणालो, "लिहून घ्या."