दहा शब्दांची वही

परवा पार्ल्याच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात ब्राउन पेपरचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. गोष्ट जुनी आहे. मुलगा इंग्रजी शाळेत तिसरीत होता आणि त्याला ‘नाइस’ या शब्दाला दहा समानार्थी शब्द शोधायचा गृहपाठ होता. मी मराठी शाळेतली, मला ‘नाइस’ म्हणजे छान एवढंच ठाऊक. ऑफिसातून आले, कुकर लावला आणि ओट्यावरच वडिलांची ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली डिक्शनरी उघडली. त्यात चवीला वेगळा शब्द, स्वभावाला वेगळा, हवेला वेगळा. वरण करपलं, पण दहा शब्द झाले. वही परत आली तेव्हा सात शब्दांवर लाल काट होती, का तर म्हणे ते गाइडमध्ये नाहीत! “अरे, डिक्शनरीत आहेत ना!” मी ओरडले. “मग तू येऊन टीचरला सांग ना, आई,” तो म्हणाला. शनिवारी पालकसभेला मी डिक्शनरी पिशवीत घातली आणि रिक्षात सगळी भांडणाची वाक्यं इंग्रजीत घोकली. माझा नंबर आला. टीचरनी हसून इंग्रजीत विचारलं, शाळा कशी वाटते? “नाइस,” मी म्हटलं, “व्हेरी नाइस.” पिशवीची चेन उघडलीसुद्धा नाही. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानंतर त्याने मला कधी गृहपाठ विचारला नाही. आता माझी ऑफिसची इंग्रजी पत्रं तोच लिहून देतो, आणि मी न वाचताच सही करते.