नव्या कातडीवर चिखल

मालगुजारीनबाईंनी माझ्या हातातलं ओवाळणीचं ताट काढून घेतलं. भर मांडवात. गोंदियाहून आलेली वरात दारात उभी होती, वाजंत्री थांबलेली, आणि बाई शेजारणीला म्हणाल्या, "हिले मांगं करा. सामने असा कारा रंग बरा नाही दिसत."

ताट माझ्या हाती त्यांच्याच लेकीनं दिलं होतं. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. ती नवरी, आत बसलेली, तिला यातलं काही दिसलं नाही. माझ्या मायला दिसलं. ती अंगणाच्या कडेला तांदूळ पाखडत होती. तिनं मान खाली घातली आणि पाखडत राहिली. मीही मागं सरले. कोणी ढकललं नाही. माझी मीच सरले, याची लाज मला अजून वाटते.

गावाची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण आमच्या माना अजून तशाच वाकलेल्या होत्या. माय त्यांच्याच बांधीत, धानाच्या शेतात, रोवणा करायची, म्हणजे धानाची रोपं लावायची. बाईंना नाही म्हणणं आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर त्यांनी गड्याबरोबर एक डबी पाठवली. लेकीसाठी नागपूरहून आणलेलं, उरलेलं मलम. लावलं की कातडी निघते, खालून उजळ येते, असा निरोप. मला ती माया वाटली. मी लावलं.

आधी चुणचुण. मग आग. मग तोंड असं ताठलं की बोलताना ओठांच्या कडा फाटायच्या. हनुवटीपासून पापुद्रे सुटू लागले. ओढू नको असं माय सांगायची. तरी मी कोपऱ्यात बसून ओढायची, आणि ओढलं तिथं लाल, ओलं दिसायचं. चुलीजवळ बसवेना. घाम झोंबायचा. उन्हात जायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं. कोणी दारात आलं की माय सांगायची, पोरीले गोवर निघाला. माझ्यापायी ती खोटं बोलायला लागली.

रोवणा सुरू झाला. गावातल्या सगळ्या पोरी बांधीत, आणि मी घरात कातडी राखत बसलेली. माय दिवसभर वाकून परतायची, मग चूलही तीच पेटवायची. मला लाजेनं घास उतरत नसे. तरी आरशात गाल गुलाबी दिसले की आत कुठंतरी बरं वाटायचं. त्याची तर सगळ्यात जास्त लाज.

रोवणा सरला त्या दिवशी बाईंनी मला शेतावर बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशी आमच्याकडे बाया एकमेकींच्या तोंडाला बांधीतला चिखल फासतात. त्या दिवशी नको असं कोणी म्हणत नाही, मालकही नाही. बाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला छत्रीखाली घेतलं. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, बाजारात बैल पाहावा तसं. म्हणाल्या, आता बरी दिसतेस, माझ्या धाकटीच्या लग्नात ताट तुझ्याच हाती देईन.

तेवढ्यात माय धुऱ्यावर चढली. मुठीत चिखल. कितीतरी दिवसांनी ती हसत होती. तिनं हात माझ्या गालाकडे नेला.

"हात नोको लावू," बाई म्हणाल्या. "नवी कातडी हाये. खराब करशीन."

मायचा हात तिथंच थांबला. मग तिनं तो मागं घेतला आणि लुगड्याला पुसला. माझी माय. आणि तिला माझ्याच तोंडाला हात लावायची मनाई. मांडवात ताट गेलं तेव्हा मी गप्प बसले होते. हे मात्र मला सोसलं नाही.

मी छत्रीखालून निघाले. बांधीत उतरले. ओंजळभर चिखल उचलला आणि कपाळाला, दोन्ही गालांना फासला. असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. मी तोंड धुतलं नाही.

"नासवलं ना सारं," बाई म्हणाल्या.

"तोंड माहं हाये, बाई," मी म्हटलं. "तुमचं नाही."

पुढच्या रोवण्याला मायला त्या बांधीत बोलावणं आलं नाही, आम्ही दुसऱ्या गावात काम धरलं. माझ्या तोंडावर डाग पडले. रंग आधीपेक्षा काळा झाला. डाग अजून आहेत, आणि लोक अजून बघतात.

बघू देत. मागं हो म्हणून मला आता कोणी सांगून पाहावं. मी सरणार नाही.