दिव्यावरची चिकटपट्टी

ट्रेलरचं मागचं चाक जॅकवर उचलून मिस्त्री ते हातानं फिरवत होते. ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून त्याचा वेग कळवणारा सेन्सर त्यांनी मीटरला जोडला होता. चाक गरगरत होतं, आकडा मात्र शून्यावर.

“बेअरिंग ढिलं झालंय, त्यानं सेन्सर मागं ढकललाय. जरा फट पडली की याला चाक फिरलेलं कळत नाही,” मिस्त्री म्हणाले. “दिवा लागला नव्हता का, ड्रायव्हरसाहेब?”

केबिनमधला तो पिवळा दिवा डोळ्यांत खुपायचा, म्हणून मीच त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. आम्ही सगळेच लावतो. माल पोचवायचा असतो.

चाक तर झकास फिरत होतं. बघणाऱ्याला वाटावं, सगळं ठीक आहे. माझी बायकोही अशीच घरभर फिरत असायची. फोनवर म्हणायची, “जिना चढताना दम लागतो हो.” मी म्हणायचो, “आलो की दवाखान्यात जाऊ.” पुढं तिनं सांगणंच सोडलं. मी समजलो, उतार पडला. घरी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते.

मिस्त्रींनी केबिनमध्ये चढून गाडीची किल्ली फिरवली आणि नखानं पट्टी सोलली. खाली दिवा पेटलेलाच होता.